लिंगाच्या वाकडेपणावर त्वचेच्या वणांचे उपचार चालतील का, हे कसे ठरवावे

कान टोचल्यानंतर पाळीवर वाढलेली गाठ, स्टोव्हच्या भडक्यात भाजून हातावर उरलेला वण किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर उठलेला लालसर उंचवटा यांच्यासाठी औषध दुकानात मलमे आणि सिलिकॉनच्या पट्ट्या मिळतात, आणि गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञ गाठीत इंजेक्शनही देतात. ताठरतेच्या वेळी लिंग एका बाजूला वाकू लागलेल्या पुरुषाला डॉक्टरांनी ‘आत वण तयार झाला आहे’ असे सांगितले, तर हेच उपचार आपल्यालाही लागू पडतील का, असा प्रश्न त्याच्या मनात येणारच. या विकाराला पेरोनीज आजार म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शल्यचिकित्सक फ्रांस्वा जिगो द ला पेरोनी याने १७४३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्याचेच नाव आजाराला मिळाले.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. त्वचेच्या वणांवरचे काही उपचार पेरोनीजमध्ये खरोखर वापरले जातात, काही निरुपयोगी आहेत आणि निदान एक तरी उपचार असा आहे की जो केलॉईडवर, म्हणजे जखमेच्या जागी वाढत गेलेल्या त्वचेच्या वणाच्या गाठीवर, उत्तम चालतो, पण इथे नुकसान करू शकतो. कोणता उपचार कोणत्या गटातला हे ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी दोन गोष्टी विचाराव्यात: हे औषध चकतीपर्यंत, म्हणजे लिंगाच्या आत तयार झालेल्या कठीण वणापर्यंत, पोहोचते का, आणि पोहोचल्यावर तिथे काय करते? पुढचे सर्व विवेचन याच दोन प्रश्नांना धरून आहे.

चकती नेमकी कुठे असते

लिंगाच्या आत रक्ताने भरणाऱ्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचे मजबूत, पण ताणले जाणारे आवरण असते. ताठरतेच्या वेळी रक्ताचा दाब वाढतो, आवरण सर्व बाजूंनी सारखे ताणले जाते आणि लिंग सरळ राहते. संबंधाच्या वेळी किंवा अन्य कारणाने या आवरणाला बारीक इजा झाली, तर काही पुरुषांमध्ये ती नीट भरून येण्याऐवजी तिथे वण तयार होत जातो. सायकलच्या ट्यूबला एका बाजूला ठिगळ लावून हवा भरली, तर ठिगळाची बाजू फुगत नाही आणि ट्यूब तिकडे वळते. इथेही तसेच घडते. पुष्कळ रुग्णांना अशी इजा झाल्याचे आठवतही नाही, त्यामुळे ‘मी असे काय केले’ म्हणून स्वतःला दोष देत बसण्याचे कारण नाही.

केलॉईडशी असलेले साम्य इथेच दिसते. दोन्ही ठिकाणी इजा भरून काढणाऱ्या पेशींना टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाकडून संदेश मिळत राहतो, त्या पेशी आकुंचन पावणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट प्रकारात बदलतात आणि काम संपल्यावरही कोलॅजन हे वण घट्ट करणारे तंतुमय प्रथिन साठवत राहतात. तळहातातील पट्टा जाड होऊन बोटे आत ओढली जातात तो ड्युपिट्रेन विकारही याच कुळातला आहे आणि पेरोनीजच्या काही रुग्णांमध्ये तो सोबत आढळतो. हे घरच्या घरी पाहता येते. हाताचा तळवा टेबलावर पालथा ठेवावा. तो बोटांसह पूर्ण टेकत नसेल, तर तेही डॉक्टरांना दाखवावे.

फरक आहे तो जागेचा. केलॉईड त्वचेतच असतो. पेरोनीजची चकती मात्र त्वचा, तिच्याखालचा सैल थर आणि त्याखालचे बक्स फॅशिया नावाचे आवरण यांच्या पलीकडे असते. हे अंतर काही मिलिमीटरचेच आहे, पण वरच्या बाजूला याच जागेतून लिंगाच्या मुख्य नसा आणि रक्तवाहिन्या जातात. शिवाय त्वचेवर लावलेले औषध खाली उतरण्याआधीच त्वचेतील रक्तप्रवाह ते वाहून नेतो. वरून लावण्याच्या उपचारांची अडचण समजून घ्यायला एवढे पुरेसे आहे.

उपचाराचा विचार करण्याआधी

आधी हे पेरोनीजच आहे याची खात्री करावी. लहानपणापासून लिंगाला वाक असेल आणि आत चकती लागत नसेल, तर तो जन्मजात वाकडेपणा असतो आणि तो वणाचा आजारच नव्हे. शिश्नमुंडावर किंवा अग्रत्वचेवर पांढुरके, ताठर चट्टे येऊन कातडी मागे सरकत नसेल, तर तो बहुधा लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार असतो; त्यावर त्वचारोगतज्ज्ञ तीव्र स्टेरॉईडचे मलम देतात आणि ते योग्यच असते. एकाला अशा चट्ट्यांसाठी दिलेले मलम दुसऱ्याने चकतीसाठी आणून लावायचे, असे प्रकार ऐकीव माहितीमुळे घडतात. पृष्ठभागावर न भरणारी जखम, रक्त येणारी गाठ किंवा वाढता व्रण असेल, तर यातले काहीही न करता तातडीने डॉक्टर गाठावा, कारण तिथे कर्करोगाची शक्यता तपासावी लागते.

दुसरी पायरी म्हणजे आजार कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखणे. पहिल्या, म्हणजे सक्रिय अवस्थेत ताठरतेच्या वेळी किंवा एरवीही दुखते आणि वाक बदलत राहतो. ही अवस्था साधारणपणे सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत चालू शकते. त्यानंतर दुखणे बहुतेकांमध्ये आपोआप थांबते आणि वाक स्थिर होतो. किमान तीन महिने वाकात बदल नसेल, तर आजार स्थिर झाला असे सामान्यतः मानतात. स्वतःहून पूर्ण बरे होण्याची आशा मात्र फार धरू नये. जॉन मलहॉल यांच्या २००६ मधील अभ्यासात उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी १२ टक्क्यांचा वाक कमी झाला, ४० टक्क्यांचा तसाच राहिला आणि ४८ टक्क्यांचा वाढला. ‘जाईल आपोआप’ म्हणून दोन वर्षे गप्प बसणाऱ्यांनी ही आकडेवारी लक्षात घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

अवस्था ठरवण्यासाठी नोंद हवी. नैसर्गिकरीत्या ताठरता आली असताना वरून आणि बाजूने असे दोन फोटो घ्यावेत, महिन्यातून एकदा त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावेत आणि सोबत तारीख, दुखणे आहे की नाही, ताठरता पुरेशी येते की नाही हे लिहून ठेवावे. फोटोवर शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापक ठेवला, तरी वाक किती अंशांचा आहे याचा अंदाज येतो. आपल्याकडे एकच फोन घरातली मुलेही हाताळतात, त्यामुळे हे फोटो कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावेत, आपोआप ऑनलाइन साठवण्याची सोय बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवून झाल्यावर नको असलेले पुसून टाकावेत. या नोंदीशिवाय तपासणीला गेले, तर शिथिल अवस्थेत डॉक्टरांना चकती लागते पण वाक दिसत नाही, आणि मग इंजेक्शन देऊन कृत्रिम ताठरता आणून मोजमाप करावे लागते. मोठा उपचार ठरवण्याआधी ती तपासणी, शक्यतो रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीसह, करावीच लागते. पण पहिल्या भेटीत चांगले फोटो पुष्कळ काम करतात.

कोणाकडे जावे

त्वचेचा वण म्हटला की त्वचारोगतज्ज्ञ आठवतात, पण या आजारासाठी युरोलॉजिस्ट, म्हणजेच मूत्ररोग शल्यविशारद, हवे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर या शहरांत खासगी युरोलॉजिस्ट आहेत. खर्चाची अडचण असेल, तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेडमधील विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूर किंवा अंबाजोगाईचे शासकीय महाविद्यालय यांपैकी जवळच्या ठिकाणी केसपेपर काढून शल्यचिकित्सा विभागात दाखवावे आणि तिथून युरोलॉजिस्टकडे पाठवण्याची विनंती करावी. रांगेत मागे माणसे उभी असताना तक्रार सांगणे अवघड जाते. अशा वेळी ‘ताठर झाल्यावर लिंग डावीकडे वाकते, मध्ये गाठ लागते, दिवाळीपासून आहे’ एवढे चिठ्ठीवर लिहून पुढे करावे. डॉक्टरांना तेवढे पुरते. पत्नीची तयारी असेल, तर तिला सोबत न्यावे. या आजारात पुष्कळ पुरुष उदास होतात, संबंध टाळू लागतात आणि घरात कारण न कळल्याने गैरसमज वाढतात. डॉक्टरांच्या तोंडून दोघांनी एकत्र ऐकले, तर त्यातले बरेच निवळतात.

मधुमेह आणि रक्तदाब यांची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी आणि तंबाखू, विडी, सिगारेट बंद करावी. बसस्थानकाच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिराती आणि तेलाच्या बाटल्या यांच्यावर मात्र एक रुपयाही घालवू नये.

वरून लावायचे उपचार

सिलिकॉनची पट्टी किंवा जेल हा त्वचेच्या उंच वणांवरचा प्रस्थापित उपचार आहे. पट्टी दिवसातले बारा तास किंवा अधिक, असे काही महिने ठेवली, तर त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील ओलावा टिकतो आणि त्यामुळे खालच्या पेशींची कोलॅजन तयार करण्याची घाई कमी होते, असे मानले जाते. म्हणजे तिचे कामच त्वचेच्या पृष्ठभागातून चालते. ट्युनिकाला असा पृष्ठभाग नाही, त्यामुळे पेरोनीजमध्ये सिलिकॉनला करण्यासारखे काही उरतच नाही. कांद्याच्या अर्काची मलमे, ई जीवनसत्त्वाचे तेल आणि आपल्याकडे वसमत भागात हाताशी असणारी हळद यांचेही तसेच आहे. हळदीतील कुर्क्युमिनवर प्रयोगशाळेत कितीही काम झाले असले, तरी लेप लावल्याने ते चकतीपर्यंत जात नाही, आणि तिथल्या नाजूक कातडीला खाज, पुरळ मात्र येऊ शकते.

व्हेरापामिल हे रक्तदाबाचे औषध जेलच्या रूपात लावण्याची कल्पना पुढे आली होती, आणि तिची कसोटी घेतली गेली ही चांगली गोष्ट झाली. शस्त्रक्रियेआधी पुरुषांना हे जेल लावले आणि नंतर ट्युनिकाचा तुकडा तपासला, तेव्हा त्यात औषध सापडले नाही. लेसरचा विचारही याच कारणाने सोडून द्यावा: केलॉईड आणि भाजल्याचे वण यांवर वापरले जाणारे लेसर त्वचेपुरतेच पोहोचतात. विजेच्या सौम्य प्रवाहाने औषध आत ढकलण्याची पद्धतही आहे, पण अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हेरापामिलसाठी ती वापरू नये असेच म्हटले आहे.

स्टेरॉईडचे इंजेक्शन: इथे विशेष सावध राहावे

केलॉईडमध्ये ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉईड थेट गाठीत टोचतात, दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा देतात आणि गाठ पुष्कळदा बसते. ते मिळायला सोपे आणि स्वस्त असते, त्यामुळे ‘वणच आहे, एक इंजेक्शन देऊन पाहू’ असे म्हणणारा कोणी भेटणे अशक्य नाही. पेरोनीजमध्ये मात्र त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट आसपासच्या ऊती विरळ होतात, कातडी पातळ होते आणि थर एकमेकांना चिकटून पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर ती अवघड होते. ट्युनिका विरळ झाली, तर ताठरतेचा भार पेलणारे आवरणच कमकुवत होते. त्वचेच्या वणात ‘वण पातळ करणे’ हे ध्येय असते. इथे वण मऊ व्हायला हवा, पण आवरणाची ताकद जाऊ नये. या एका मुद्द्यावर, समोर कितीही अनुभवी व्यक्ती असली, तरी युरोलॉजिस्टचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. केलॉईड काढल्यानंतर दिल्या जाणाऱ्या रेडिएशनबाबतही पेरोनीजसाठीचा सल्ला ‘वापरू नये’ असाच आहे.

दोन्हीकडे खरोखर समान असलेले उपचार

इंजेक्शन चकतीतच दिले, की पोहोचण्याचा प्रश्न सुटतो आणि दुसरा प्रश्न, म्हणजे औषध तिथे काय करते, महत्त्वाचा होतो. व्हेरापामिल आणि इंटरफेरॉन अल्फा-२बी ही दोन औषधे केलॉईडमध्येही वापरली गेली आहेत. दोन्ही कोलॅजनची निर्मिती मंदावतात. व्हेरापामिलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. ते तुलनेने स्वस्त आहे, म्हणून काही डॉक्टर ते अजूनही देतात. इंटरफेरॉनच्या २००६ मधील चाचणीत दर दोन आठवड्यांनी, बारा आठवडे इंजेक्शने दिली तेव्हा वाक सरासरी साडेतेरा अंशांनी कमी झाला, तर नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांमध्ये साडेचार अंशांनी. इंजेक्शननंतर ताप, अंगदुखी, कणकण येते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा कामावर जाता येईलच असे धरू नये.

सर्वांत अधिक अभ्यास झाला आहे तो कोलॅजिनेजचा. क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूपासून मिळणारे हे विकर (एन्झाइम) साठलेले कोलॅजन तोडते, पण नसा आणि रक्तवाहिन्यांच्या तळपटलातील (पेशींखालच्या पातळ आधारथरातील) चौथ्या प्रकारच्या कोलॅजनला सहसा धक्का लावत नाही. अमेरिकेत ड्युपिट्रेनसाठी त्याला २०१० मध्ये आणि पेरोनीजसाठी डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली. तळहाताच्या वणावर सिद्ध झालेला उपचार लिंगाच्या वणावर आला, असे हे उदाहरण आहे. ३० अंशांपेक्षा जास्त वाक, हाताला लागणारी चकती आणि स्थिर आजार असेल, तर सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने जास्तीत जास्त चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोन इंजेक्शने असा क्रम असतो. मोठ्या चाचण्यांत वाक सरासरी ३४ टक्क्यांनी कमी झाला. औषधाविना इंजेक्शन घेतलेल्या गटात तो १८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे ६० अंशांचा वाक साधारण ४० अंशांवर येतो. सरळ होतोच असे नाही. कोणासाठी एवढा फरक संबंध शक्य होण्यास पुरेसा ठरतो आणि कोणासाठी नाही, हे आधीच बोलून घ्यावे. चकती मूत्रनलिकेजवळ, खालच्या बाजूला असेल, तर हे इंजेक्शन देत नाहीत. चाचण्यांतील १०४४ पुरुषांपैकी पाच जणांचे ट्युनिका फाटले, म्हणूनच हे प्रशिक्षित युरोलॉजिस्टनेच द्यायचे औषध आहे. युरोपातून कंपनीने हे औषध मागे घेतले आहे, त्यामुळे ते कोठून आणि किती खर्चात उपलब्ध होईल हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावे. औषध दुकानात मिळणारे कोलॅजिनेजचे मलम हे मेलेली ऊती काढण्यासाठी जखमेवर लावायचे औषध आहे. नाव सारखे दिसले तरी ते चकतीसाठी आणू नये.

त्वचेच्या वणांसाठी दाबाचे कपडे वापरतात आणि भाजल्यानंतर सांधे ताणण्याचे व्यायाम देतात. पेशींवरचा यांत्रिक ताण बदलला, की कोलॅजनची मांडणीही बदलते, हे त्यामागचे तत्त्व आहे. लिंगावर सतत दाब देणे धोक्याचे आहे, पण ठरावीक ताण देता येतो. त्यासाठी ट्रॅक्शन उपकरणे असतात. जुनी उपकरणे रोज कित्येक तास लावावी लागत. नव्या प्रकारच्या उपकरणाच्या चाचणीत रोज अर्ध्या ते दीड तासाच्या वापराने तीन महिन्यांत वाक सरासरी बारा अंशांच्या आसपास कमी झाला आणि लांबीही थोडी वाढली. माझ्या मते, त्वचेच्या वणांच्या उपचारांतून या आजाराला मिळालेली ही सर्वांत सुरक्षित गोष्ट आहे, अट एवढीच की उपकरण डॉक्टरांना दाखवून, माप घेऊन आणि सांगितलेल्या ताणानेच वापरावे. दोरी, रबर किंवा वजन बांधून घरी केलेले प्रयोग रक्तपुरवठा थांबवू शकतात.

इंजेक्शनला होकार देण्याआधी

माझा वाक किती अंशांचा मोजला, आजार स्थिर आहे का, चकतीत कॅल्शियम साठले आहे का, आपण हे इंजेक्शन याआधी किती जणांना दिले आहे, किती फेऱ्या आणि एकूण किती खर्च, सरासरी किती सुधारणा अपेक्षित धरावी, आणि काही बिघडले तर रात्री कोठे यायचे, हे प्रश्न लिहून न्यावेत. चकती कॅल्शियम साठून दगडासारखी झाली असेल, तर इंजेक्शनांचा उपयोग फारसा होत नाही. पोटात घ्यायच्या ई जीवनसत्त्व, टॅमॉक्सिफेन किंवा ओमेगा-३ च्या गोळ्या कोणी लिहून दिल्या, तर त्यांचा उद्देश विचारावा. मार्गदर्शक तत्त्वे त्यांची शिफारस करत नाहीत. ध्वनिलहरींचा उपचार दुखणे कमी करू शकतो, पण वाक कमी करत नाही, हे पैसे भरण्याआधी माहीत असलेले बरे.

आजार स्थिर असेल, वाक इतका असेल की संबंध होऊच शकत नाही आणि वरील उपायांनी भागत नसेल, तर शस्त्रक्रिया हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. लांब बाजूला टाके घेऊन ती आखूड करणे, चकतीच्या जागी छेद देऊन तिथे ऊतीचे कलम (ठिगळ) लावणे किंवा ताठरताही गेली असेल तर कृत्रिम रोपण बसवणे, असे तिचे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लांबी थोडी कमी होते आणि ते शस्त्रक्रियेआधी पत्नीसह बोलून घ्यावे.

इंजेक्शननंतर संबंध किती आठवडे टाळायचे ते डॉक्टर सांगतील. कोलॅजिनेजनंतर तो काळ दुसऱ्या इंजेक्शनपासून किमान चार आठवड्यांचा धरतात. थोडी सूज आणि निळेपणा अपेक्षितच असतो. पण ‘कट्’ असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, लिंग काळेनिळे होऊन झपाट्याने सुजले, लघवीतून रक्त आले, लघवी अडली किंवा ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर सकाळची वाट न पाहता, गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता, युरोलॉजिस्ट किंवा शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि कोणते इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले त्याचा कागद सोबत न्यावा.